रोममध्ये बसायचं नसतं

युरोपातलं शहर पायीच पाहावं, असं जे छातीठोकपणे सांगतात ते बहुधा एकटे जाऊन आलेले असतात. एकटा माणूस पायी फिरतो. कुटुंब पायी फिरत नाही. ते सकाळी एकत्र निघतं आणि मग दिवसभर गल्ल्यागल्ल्यांतून सांडत जातं.

आमचंच घ्या. सर्वांत पुढे बायको. तिच्या हातात फोन, फोनमध्ये नकाशा, नकाशात एक निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे आपण, यावर तिचा ठाम विश्वास. प्रत्यक्षात आपण बरेचदा शेजारच्या गल्लीत असतो. तिच्यामागे लेक. तिला रोम पाहायचं नसतं, रोम आपल्या मागे उभं आहे एवढं जगाला दाखवायचं असतं. चिरंजीव मध्येच कुठेतरी; त्यांचा वेग पुढच्या जिलातोच्या दुकानाच्या अंतरावर ठरतो. मग काका. काका सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे जगातल्या कुठल्याही शहरात ते आधी गटाराचं झाकण पाहतात. रोमच्या झाकणांवर एस. पी. क्यू. आर. अशी अक्षरं असतात. 'रोमची सेनेट आणि जनता' या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं, थेट प्राचीन काळापासून चालत आलेली. "दोन हजार वर्षं झाली," काका म्हणाले, "पण यांनी लेटरहेड बदललं नाही. नाहीतर आमच्याकडे, सरकार बदललं की..." हे वाक्य ते पूर्ण करत नाहीत. पेन्शन चालू आहे.

सर्वांत शेवटी आई. सहावारी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू आणि खाली खास या प्रवासासाठी घेतलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. मी बायको आणि आई यांच्या मधोमध. म्हणजे लग्न झाल्यापासून जिथे आहे तिथेच.

पायी फिरायचा निर्णय बायकोचा. "सगळं चालत जाण्यासारखं आहे," असं तिने पुण्यातच जाहीर केलं होतं. रोमच्या जुन्या भागात मेट्रोची स्थानकं थोडीच आहेत, हेही खरं. खणायला घेतलं की खाली आणखी एक रोम लागतं, आणि मग इंजिनियर लोकांनी बाजूला उभं राहून पुरातत्त्ववाल्यांना कुंचल्याने माती झाडताना पाहत बसायचं असतं. बसायचं म्हणजे उभं राहायचं. कारण रोममध्ये बसायचं नसतं. हा शोध आम्हाला सकाळीच लागला.

सुरुवात स्पॅनिश स्टेप्सपासून केली. नाव स्पॅनिश, कारण खालच्या चौकात स्पेनच्या वकिलातीचा वाडा. पैसा फ्रेंच, कारण वरचं चर्च फ्रेंचांचं. डोकं इटालियन, फ्रांचेस्को दे सांक्तिस नावाच्या वास्तुकाराने १७२३ ते १७२५ या काळात हा जिना उभा केला. आणि जिन्याला लागून असलेल्या घरात १८२१ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला तो कीट्स, इंग्रज कवी. युरोपीय संघ स्थापन व्हायच्या आधीच इथे त्याची शाखा निघालेली दिसते.

आईने एवढा इतिहास ऐकून घेतला नाही. तिने त्या प्रशस्त, टप्प्याटप्प्याने उतरत येणाऱ्या पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "घाट हाय की हा. नदी कुठंय?" आणि घाटावर माणूस जे करतो ते तिने केलं. पदर सावरला आणि बसली.

शिट्टी वाजली.

महापालिकेचा पोलीस होता. अत्यंत सभ्य. त्याने आधी "सिन्योरा" म्हटलं, मग दोन्ही तळवे वरच्या दिशेने हलवले. तो नमस्काराचाच काही स्थानिक प्रकार असावा असं समजून आईने बसल्या बसल्या हात जोडले. त्याने पुन्हा तळवे हलवले. आईने पुन्हा हात जोडले. हे किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही, पण लेक धावत आली. २०१९ पासून या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे. बसलं तर २५० युरोंपासून दंड, आणि पायऱ्या घाण किंवा खराब केल्या तर ४०० पर्यंत.

काकांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. "वीस हजारांच्या वर? नुसतं बसायचे? अहो, एवढ्यात सगळं घर लातूरहून तिरुपतीला जाऊन येईल. बसून!"

बंदीला कारण आहे, नाही असं नाही. एका प्रसिद्ध दागिन्यांच्या कंपनीने पंधरा लाख युरो देऊन हा जिना धुऊनपुसून डागडुजी करून दिला, आणि लोक त्यावर पुन्हा पिझ्झा सांडू लागले. तरी मला वाईट वाटलं ते ऑड्री हेपबर्नचं. 'रोमन हॉलिडे' चित्रपटात ती राजकन्या याच पायऱ्यांवर जिलातो खाते. १९५३ सालची गोष्ट म्हणून सुटली. आज बसण्याचा दंड वेगळा, जिलातो सांडल्याचा वेगळा, आणि ग्रेगरी पेक पुन्हा भेटण्याआधी तिला पोलीस भेटला असता.

तिथून पुढे त्रेव्हीचं कारंजं "दहा मिनिटांवर" होतं. बायकोची दहा मिनिटं हे अंतराचं माप आहे, वेळेचं नाही. वाटेत रोमचे ते सुप्रसिद्ध फरसबंदी रस्ते. काळ्या दगडाचे हाताएवढे चौकोनी ठोकळे, त्यांना सांपियेत्रिनी म्हणतात. प्रत्येक दगड स्वतंत्र बाण्याचा. काकांनी लगेच चप्पल काढून तळव्याने उतार तपासला आणि पाण्याचा निचरा उत्तम असल्याचा शेरा दिला.

याच वाटेवर आईला तो नळ भेटला.

रोमभर असे साधारण अडीच हजार नळ आहेत. १८७० च्या दशकात बसवायला सुरुवात झाली. बिडाचा कमरेएवढा खांब आणि त्याला नाकासारखी वाकलेली तोटी, म्हणून लोक त्याला 'नासोने' म्हणतात, मोठ्या नाकाचा. पाणी पिण्याचं, थंडगार, फुकट. आणि अखंड. दिवसरात्र वाहतं. आईने बाटली भरली, झाकण लावलं आणि सवयीने नळ बंद करायला हात घातला. चावी नव्हती. तिने समोरून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. मग तिने आमच्याकडे पाहिलं.

"बंद कुठून करायचा ह्यो?"

बंद होत नाही, असं सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या दिवसांत आई रात्री दोनला उठून घागरी रांगेत लावत असे. त्या बाईसमोर एक नळ, पुतळ्यांना वीट येईल इतका काळ, कोणासाठीही नाही, असाच वाहतो आहे. काकांनी तांत्रिक बाजू मांडली: वाहतं राहिलं की पाइपात पाणी साचून राहत नाही, ताजं राहतं. आईने त्यांना मध्येच थांबवलं. "भावजी, वाया जातंय ते."

पुढची पाच मिनिटं आम्ही सगळ्यांच्या सगळ्या बाटल्या भरल्या. ज्यात सकाळी विकत घेतलेलं पाणी अर्धं होतं त्याही. आईच्या समाधानासाठी काकांनी एक बाटली पिऊन रिकामी केली आणि पुन्हा भरली. चिरंजीवांना तेवढ्यात कळलं की तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते. ही सोय वाकल्याशिवाय पाणी पिता यावं म्हणून आहे. त्यांनी ती एका सोनेरी केसांच्या गृहस्थांना अंघोळ घालण्यासाठी वापरली. माफी मागितली. उन्हाळा होता, माफ केलं.

त्या पाण्याचा परिणाम यथावकाश झाला. युरोपात पायी फिरणाऱ्या कुटुंबाचा खरा नकाशा स्मारकांचा नसतो, स्वच्छतागृहांचा असतो. स्वच्छतागृह कॉफीच्या दुकानात असतं. ते वापरायचं तर कॉफी घ्यावी लागते. कॉफी घेतली की अर्ध्या तासात पुन्हा स्वच्छतागृह लागतं. हे चक्र एकदा सुरू झालं की इटलीची अर्थव्यवस्था कशावर चालते ते लक्षात येतं.

त्रेव्हीला गर्दी एवढी की कारंजं आधी ऐकू आलं, मग बऱ्याच वेळाने दिसलं. निकोला साल्व्हीने १७३२ मध्ये काम सुरू केलं, १७५१ मध्ये तो वारला, आणि काम पूर्ण झालं १७६२ साली, दुसऱ्याच माणसाच्या हातून. काका पहिल्यांदाच मोकळेपणाने हसले. "आपलंच खातं!" पाणी मात्र त्याहून कितीतरी जुन्या योजनेचं. आग्रिप्पा नावाच्या सेनापतीने ख्रिस्तपूर्व १९ मध्ये आणलेल्या कालव्याचं. कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, असं म्हणतात. रेल्वे पुलावरून गोदावरीत नाणं टाकणाऱ्या आईला यात काही नवल वाटलं नाही. ती नाणी गोळा करून एका धर्मादाय संस्थेला देतात, वर्षाला दहा लाख युरोंहून जास्त भरतात, हे ऐकून मात्र तिने रुपया परत ठेवून पाच रुपयांचं नाणं काढलं. "परत आणू नको बाबा," ती कारंज्याला म्हणाली, "आताच कुठंतरी टेकू दे."

कारंज्याच्या कठड्यावर टेकणाऱ्या एका जोडप्यासाठी शिट्टी वाजली. आई दचकून सावरून उभी राहिली. ती उभीच होती.

पँथिऑनपाशी काकांचा दिवस सुरू झाला. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण इसवी सन १२६ च्या सुमारास हे प्राचीन देऊळ बांधून झालं. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंचीही तेवढीच, आणि त्या अख्ख्या काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळई नाही. वर जाताना काँक्रीट हलकं करत नेलंय, अगदी वर हलके ज्वालामुखीचे दगड वापरलेत, आणि मध्यभागी आठ-नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. काका मान वर करून उभे राहिले ते खाली पाहीनात. शेवटी चिरंजीवांनी त्यांचा हात ओढला. "गळतंय कुठून ते शोधताय का, आजोबा?"

"गळतीसाठी भोक ठेवलंय रे," काका भारावलेल्या आवाजात म्हणाले. "आधीच ठेवलंय. प्रश्नच मिटला."

पण त्यांना खरा धक्का दर्शनी भागावरच्या अक्षरांनी बसला. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे आग्रिप्पाने बांधलं. तोच, कालवा आणणारा. त्याने बांधलेली मूळ इमारत जळून गेली होती. हेड्रियनने सगळं नव्याने उभारलं आणि पाटी जुन्या माणसाच्या नावाची लावली. काकांनी हे मला तीनदा वाचायला लावलं. नवं बांधकाम, जुन्याचं नाव, आणि उद्घाटनाचा फलक नाही. नोकरीत त्यांनी एकेका मुतारीवर चार-चार नावं कोरलेली पाहिली आहेत. सम्राटाच्या मानसिक प्रकृतीविषयी त्यांना शंका आली.

बाहेरच्या चौकात एक कारंजं आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. तिथे लोक बसले होते! शिट्टी नव्हती! आईचे डोळे लकाकले, पण जागा एक इंचही नव्हती. तेवढ्यात एक पोरगी उठली. आणि आमचे काका, ज्यांनी तीस वर्षं लातूर-पुणे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या, त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला. त्यांनी चार माणसांच्या डोक्यावरून रुमाल फेकला. नेम अचूक. रुमाल रिकाम्या जागेवर जाऊन पडला.

शेजारच्या इटालियन तरुणाने तो उचलला, झटकला, नीट घडी घातली, उठून काकांजवळ आला, कमरेत किंचित वाकून "सिन्योरे, प्रेगो" म्हणत त्यांच्या हातात दिला, आणि परत जाऊन दोन्ही जागा व्यापून बसला. काका रुमालाकडे बघत राहिले. कायद्याचं राज्य असलेल्या देशात आपण आलोय हे त्यांना तेव्हा उमगलं.

मग नाइलाजाने कॉफी. इटलीचा माणूस कॉफी उभ्याने पितो. आत शिरतो, काउंटरला कोपर टेकतो, दोन घोटांत कप रिकामा करतो आणि जातो. त्यामुळे कॉफीला दोन भाव असतात: उभ्याचा आणि बसल्याचा. चौकातल्या त्या दुकानात उभ्याने जी कॉफी दीड युरोला होती ती बसल्यावर सहा झाली. कॉफी तीच, कप तोच, देणारा माणूसही तोच. मी हिशेब केला: दीड युरो कॉफीचे, साडेचार खुर्चीचे. आम्ही सहा जण. पहिल्यांदा बायकोने तोडगा काढला की आई आणि काका बसतील, आम्ही चौघं उभ्याने पिऊ. आईला ते पटेना. लेकरं उभी आणि आपण बसायचं? मग तिला खुर्चीचा भाव कळला. त्यानंतर तिला कोणीच बसलेलं पटेना. सगळ्यांनी काउंटरला टेकून कॉफी घेतली. आईला ती कडू लागली. तिने वर नळाचं पाणी ओतून घेतलं, आणि काउंटरमागचा माणूस काही क्षण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

रोममध्ये फुकट बसायला मिळतं ते देवाच्या घरी. सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये आईने पहिली मोकळी रांग पाहिली आणि ती बसली, इतक्या तृप्तीने डोळे मिटून की बाजूच्या फ्रेंच आजीबाईंनी तिला भाविक समजून सरकून जागा दिली. डाव्या हाताच्या कोपऱ्यातल्या देवळीत काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, अंधारात. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो. थोड्या वेळाने खटकन विझतो. मग तिथे जमलेले वीस-पंचवीस परदेशी कलारसिक एकमेकांकडे पाहतात. नाणं कोण टाकणार? संबंध युरोपातली कंजुषी तिथे शांतपणे उभी असते. आमच्या लेकीने दोनदा नाणं टाकलं आणि आम्ही पुणेकर आहोत हे कोणाला खरं वाटलं नाही.

१६०० सालच्या सुमाराचं ते एक चित्र मला फार आवडलं. मॅथ्यू हा जकात वसूल करणारा. साथीदारांसह टेबलाभोवती निवांत बसलाय, पैसे मोजणं चाललंय. दारातून येशू येतो आणि हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवतो: चल, माझ्या मागे ये. मॅथ्यूचा चेहरा म्हणतोय, "कोण, मी?" जाणकार या चित्रातल्या प्रकाशाविषयी पुष्कळ बोलतात. मला दिसला तो एवढाच प्रसंग, की रोममध्ये कोणी निवांत बसलेला दिसला की त्याला उठवायला कोणीतरी येतंच. नेमकं त्याच क्षणी बायको दारात उभी राहिली, आईकडे बोट केलं आणि म्हणाली, "आई, चला. नावोना इथून पाचच मिनिटांवर."

आईचा चेहरा हुबेहूब मॅथ्यूचा.

पियात्सा नावोना हा चौक लांबुळका आहे, कारण तो मुळात डोमिशियन सम्राटाचं स्टेडियम. जिथे प्रेक्षक बसायचे तिथे आता इमारती, आणि जिथे खेळाडू पळायचे तिथे पर्यटक. मधोमध बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६५१ सालचं. दहाव्या इनोसंट पोपने ते बांधून घेतलं. त्या खर्चापायी पावावर कर बसला म्हणून रोमचे लोक चिडले होते. चार खंडांच्या चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची रिओ दे ला प्लाता, आणि आशियाची...

"आजी, ती गंगा आहे," लेक म्हणाली.

आई थांबली. तिने पायातले बूट काढले. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि मग डोळे उघडून नीट पाहिलं.

समोर एक पिळदार, उघडाबंब पुरुष. छातीपर्यंत दाढी, हातात लांबलचक वल्हं, खडकाला रेलून पाय पसरून बसलेला.

"ही?"

"हो."

"गंगामाय?"

बर्निनी कधी भारतात आला नव्हता. लॅटिनमध्ये गंगा पुल्लिंगी. नदीदेव म्हणजे दाढीवाला पुरुष, ही तिकडची जुनी रीत. वल्हं अशासाठी की या नदीतून नावा चालतात. नाईलचं डोकं त्याने कापडाने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपात कोणाला माहीत नव्हता. काकांना यात अन्याय दिसला. "ज्याची माहिती नाही त्याचं तोंड झाकलं, ठीक आहे. मग आमच्या गंगेचंही झाकायचं होतं. दाढी तरी लपली असती."

आई बराच वेळ बोलली नाही. गंगा जन्मभर तिच्या देव्हाऱ्यात एका तांब्याच्या गडूत बसलेली. तिला दाढी फुटेल ही शंका कधी आली नव्हती. शेवटी तिने निकाल दिला. "भगीरथ असंल. आणायला गेला आन् इकडंच बसून राहिला." आणि हा निकाल इतका समाधानकारक होता की त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढे दोन दिवस आम्ही त्या पुतळ्याला भगीरथच म्हणत होतो, आणि माझी खात्री आहे की तिथे मार्गदर्शन करणाऱ्या कोणी आमचं बोलणं ऐकलं असेल तर एव्हाना इतर पर्यटकांनाही तसंच सांगितलं जात असेल.

नावोनात दगडी बाकं आहेत. भगीरथाच्या कृपेने एक रिकामं झालं. चिवड्याचा डबा उघडला. शिट्टी वाजली नाही. बायकोनेही पाच मिनिटं नकाशा पाहिला नाही. त्या दिवसाचं माझं रोम म्हटलं तर तेवढंच, बाकी सगळं वाटेतलं.

लार्गो दी तोरे आर्जेंतिना हा चौक रस्त्याच्या पातळीच्या बराच खाली आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी खोदकामात चार प्राचीन देवळं निघाली, आणि त्यांच्या पाठीमागे पाँपेने बांधलेल्या सभागृहाचा अवशेष. ख्रिस्तपूर्व ४४, १५ मार्च: इथेच सेनेटच्या बैठकीत ज्युलियस सीझरला मारलं. तेवीस वार. काकांनी प्रकरण समजून घेतलं. त्याच सुमारास सेनेटने सीझरला बसायला सोन्याची खुर्ची मंजूर केली होती. त्या दिवशी तो सभागृहात आला आणि स्थानापन्न झाला. मग मान दिल्यासारखं करत सगळे भोवती जमले.

"बघ," काका म्हणाले, "उभा राहिला असता तर निदान पळता आलं असतं."

सोन्याची खुर्ची, भोवती हात जोडणारे आपलेच लोक आणि मग तेवीस वार. याचा मराठी वाचकाला वेगळा अर्थ सांगायची गरज नाही. आपल्याकडे हल्ली सुऱ्या लागत नाहीत एवढंच, सह्या पुरतात.

त्या अवशेषांत आता मांजरं राहतात. त्यांची तिथे रीतसर देखभाल होते. सीझर पडला त्याच्या आसपास, दोन हजार वर्षं जुन्या संगमरवरावर, खांबाच्या तुकड्यांवर, देवळाच्या जोत्यावर, जिथे मनाला येईल तिथे ती पसरून बसली होती. कोणी शिट्टी वाजवत नव्हतं, कोणी साडेचार युरो मागत नव्हतं. आईला मांजरं आवडत नाहीत, पण ती कठड्याला टेकून त्यांच्याकडे इतक्या असूयेने पाहत होती की एका मांजराने तोंड फिरवलं.

पियात्सा व्हेनेत्सियाच्या त्या भल्यामोठ्या पांढऱ्या स्मारकाला रोमचे लोक टाइपरायटर म्हणतात. त्याच्या पायऱ्यांवर आई बसलीसुद्धा नाही. बुटाची नाडी बांधायला नुसती वाकली. शिट्टी. तिथे अनाम सैनिकाची समाधी आहे, त्यामुळे नियम कडक; आईने शिट्टीवाल्याला नाडी दाखवली, त्याने समाधी दाखवली, दोघांनी एकमेकांचा मान राखला.

तिथून मुसोलिनीने १९३२ मध्ये प्राचीन चौकांच्या उरावरून काढलेला सरळसोट रस्ता कोलोसियमला जातो. सरळ रस्त्याचा तोटा असा की पुढचं ठिकाण सुरुवातीपासून दिसतं आणि शेवटपर्यंत जवळ येत नाही.

संध्याकाळी कोलोसियमसमोर आम्ही उभे होतो आणि काकांना हवी होती ती इमारत भेटली. इसवी सन ८० मध्ये टायटस सम्राटाने हिचं उद्घाटन केलं. पन्नास हजारांच्या आसपास माणसं मावत. ऐंशी कमानी, प्रवेशांवर क्रमांक कोरलेले, काही अजून वाचता येतात. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून वरून कनात ओढायचे आणि ती ओढायला आरमारातले खलाशी नेमलेले. पुढे सेनेटर संगमरवरावर, मागे बाकीचे, सर्वांत वर बायका. आणि हे सगळं फुकट.

"फुकट? बसायला?" आईने विचारलं.

"हो. सम्राटाचा खर्च."

"मग ती बसायची जागा कुठं गेली?"

हा प्रश्न रोमच्या इतिहासाला थेट भिडणारा होता. पुढच्या शतकांत ते दगड लोकांनी उचलून नेले. काही राजवाड्यांना गेले, काही चर्चना, काही भट्टीत घालून त्यांचा चुना केला. काकांना हे सहन होईना. पन्नास हजार लोकांची बैठक व्यवस्था जागेवरून गायब, आणि साधा पंचनामा नाही? त्यांनी तिथल्या तिथे तीन अधिकाऱ्यांना निलंबित केलं.

बायको बसचा थांबा शोधत होती. निळा ठिपका कोलोसियमच्या आत फिरत होता. लेकीने दुसऱ्या दिवसाचा बेत वाचायला घेतला: व्हॅटिकनची संग्रहालयं, दालनांची लांबी मोजली तर सुमारे सात किलोमीटर. आईने "सात" ऐकलं आणि एका हाताने काकांचा खांदा धरला.

"पण त्यानंतर सेंट पीटर्स आहे ना, आजी," लेक घाईघाईने म्हणाली. "तिथे बर्निनीची खुर्ची आहे."

"भगीरथवाल्याची?"

"त्याचीच. चर्चच्या अगदी शेवटी, ब्राँझची, घराएवढी. चार संत खालून धरून उभे आहेत. आत सेंट पीटरची लाकडी खुर्ची ठेवलीय असं मानतात."

"त्यावर कोण बसतं?"

"कोणीच नाही. १६६६ पासून रिकामीच आहे."

आईने काकांकडे पाहिलं. काकांचा हात आपोआप रुमालाच्या खिशाकडे गेला.